ज्युनिअरच्या बातमीत मेडलसोबत गोळ्याचं वजन आणि खेळाडूचं वयही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंडर-20 वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या बातम्या तुम्ही छापता त्याबद्दल आधी थँक्स, क्रिकेटच्या गर्दीत चार ओळी मिळतात हेही थोडं नाही. पण त्या चार ओळी वाचून कळत काहीच नाही हो. अमक्याला गोल्ड, तमकीला ब्राँझ, भारताची एकूण पदकं इतकी, संपली बातमी. किती लांब फेकलं, किती सेकंदात पळाली, याआधीचं तिचं बेस्ट काय होतं, वय काय, यातलं एकही नाही, आणि ज्युनिअरमध्ये बघायचं असतं ते नेमकं हेच.

गोळाफेकच घ्या. ज्युनिअर मुलांचा गोळा 6 किलोचा असतो, सिनिअरचा 7.26. थाळीही हलकी, 2 किलोऐवजी 1.75. 110 मीटर हर्डल्सचे अडथळे 99.1 सेंमी उंच, मोठ्यांचे 106.7. आता तुम्ही नुसतं "20 मीटर गोळा फेकला" असं छापता, वाचणारा तो आकडा सरळ सिनिअरच्या रेकॉर्डशेजारी ठेवतो आणि पोराचं ऑलिम्पिक मेडल घरबसल्या पक्कं करून टाकतो. मग तोच पोरगा दोन वर्षांनी सव्वा किलो जास्तीचा गोळा घेऊन सर्कलमध्ये उभा राहतो, आकडा खाली येतो, की "वाया गेला" म्हणायला सगळे मोकळे. पोराची ताकद उलट वाढलेलीच असते, पण गोळा बदललाय हे कुणी सांगितलेलंच नसतं ना. मुलींचं तसं नाही, त्यांचा गोळा ज्युनिअरलाही 4 किलोचाच आणि थाळी 1 किलोचीच, म्हणजे तिचा आकडा बिनधास्त सिनिअरशी लावून बघा. हे एका कंसात मावेल एवढंच आहे, "(6 किलो गोळा)", जागा लागते किती?

भाल्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. मुलांचा भाला ज्युनिअरला पण 800 ग्रॅमचाच. 2016 ला याच स्पर्धेत, पोलंडमध्ये बिडगॉशला नीरज चोप्राने 86.48 मीटर फेकून ज्युनिअर वर्ल्ड रेकॉर्ड केलं ते याच भाल्याने, आणि त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ गेलं 85.38 वर! नीरज रिओला नव्हता कारण क्वालिफाय व्हायची मुदत 11 जुलैला संपलेली आणि हा थ्रो आला 23 जुलैला. आणि रिओचं ते ब्राँझ घेणारा केशॉर्न वॉलकॉट, तो 2012 ला बार्सिलोनात ज्युनिअर चॅम्पियन झाला आणि काही आठवड्यांतच लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन गेला. भाल्याचं वजन तेच असल्यामुळे अशी तुलना करता येते, गोळ्यात नाही करता येत.

दुसरं म्हणजे वय. नियम असा की त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला खेळाडू 16 ते 19 वर्षांचा पाहिजे. म्हणजे एकाच फायनलमध्ये जवळपास वीस वर्षांचा गडी आणि अजून सोळाही पूर्ण न झालेलं पोर शेजारशेजारच्या लेनमध्ये असू शकतं. उसेन बोल्ट 2002 ला किंग्स्टनमध्ये 200 मीटर जिंकला तेव्हा पंधराच वर्षांचा होता, सोळावा वाढदिवस पुढच्या महिन्यात. त्या वयात एक-दोन वर्षांचा फरक अंगाने केवढा असतो ते कुठल्याही कोचला विचारा. त्यामुळे सोळा वर्षांची मुलगी सातवी आली तर माझ्या मते ती मोठी बातमी आहे, आणि ती तुमच्याकडे येतच नाही कारण मेडल नाही.

2021 ला नैरोबीत शैली सिंगची लांब उडी 6.59 मीटर, स्वीडनच्या माया आस्कागची 6.60, एका सेंटीमीटरचा खेळ. सगळीकडे हेडिंग काय, तर गोल्ड हुकलं. शैली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि ज्युनिअरमधली तिची अजून दोन वर्षं बाकी होती, ही गोष्ट मला तरी त्या सिल्व्हरपेक्षा भारी वाटली होती. तसंच हिमा दास. 2018 ला फिनलंडच्या टामपेरेत याच स्पर्धेत 400 मीटरचं गोल्ड 51.46 मध्ये, ते सगळ्यांना पाठ आहे, पण पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ती 50.79 पळाली आणि सिल्व्हर घेतलं. कुठली रेस जास्त फास्ट? सिल्व्हरवाली. मेडलच्या रंगावरून हे कळायचं कसं?

हो, आणि 100, 200, छोट्या अंतराचे हर्डल्स, लांब उडी, तिहेरी उडी यांच्यासोबत वाऱ्याचा आकडा पण द्या. मागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त वारा असला की रेकॉर्ड धरत नाहीत.

आता 2026 ची स्पर्धा अमेरिकेत युजीनला आहे, 2014 ला पण तिथेच होती. तिथले संध्याकाळी सातचे म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात, त्यामुळे रात्री उशिरा रिझल्ट आला, पान सोडायची घाई होती, ही अडचण या वेळी नाहीये, डेस्कला अख्खा दिवस हातात आहे. आपल्या प्रत्येक खेळाडूपुढे जन्मवर्ष, आकडा आणि जुनं बेस्ट एवढी एक छोटी चौकट द्या, मेडल असो नसो. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा, चालेल.

आपला,
रोज मागच्या पानापासून पेपर वाचणारा एक वाचक