तुझ्या पीएस-टूबद्दल

रत्नागिरी, १२ जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पीएस-टूचे, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन टू या गेम-यंत्राचे, गेम कॉम्प्युटरवर खेळायला एम्युलेटर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरणं म्हणजे चोरी का, असं तू विचारलंस. नाही. प्लेस्टेशनचा एम्युलेटर काढणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर सोनीनं खटला भरला होता, तेव्हा अमेरिकेच्या अपील कोर्टानं २००० सालीच कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. खरा प्रश्न गेमची फाइल आणि बायोस (यंत्र सुरू करणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम) तू कुठून आणतोस हा आहे. दोन्ही तुझ्या घरातच आहेत, मग नेटवरून कशाला उतरवायचे?

पावसाळा अंगावर आलाय, तेव्हा आधी डिस्क बघ. तारकर्लीच्या दमट हवेत बुरशी धरली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घे, आणि मधून कडेकडे सरळ पूस. गोल फिरवू नकोस. गोल ओरखडा डेटाच्या ओळीवरूनच जातो, मग सलग इतका भाग जातो की ड्राइव्हला तो भरून काढता येत नाही. मग कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हवर इमेजबर्न या प्रोग्रॅमने प्रत काढ. चंदेरी डीव्हीडीची प्रत आयएसओ फाइलमध्ये, निळ्या पाठीच्या सीडीची बिन आणि क्यू अशा दोन फाइलींत. फाइलचा एमडी-फाइव्ह, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, रीडम्प या वेबसाइटवरच्या अस्सल डिस्कच्या यादीशी ताडून बघ. जुळला नाही तर डिस्क पुन्हा पुसून पुन्हा वाच.

बायोससाठी पीएस-टूला फ्री मॅकबूटचं, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम चालू देणारं, मेमरी कार्ड लाव आणि पेनड्राइव्हवरून बायोसड्रेन हा बायोसची प्रत काढणारा प्रोग्रॅम चालव. ४ एमबीची फाइल मिळेल. ९०००० मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांवर फ्री मॅकबूट चालत नाही, तिथे त्याच कामाचं ओपनट्यूना वापर. यात सोल्डरचा डाग द्यावा लागत नाही, म्हणून यंत्राच्या बोर्डावर जोडायच्या मॉडचिपपेक्षा मला हेच बरं वाटतं. खाऱ्या हवेत जुना बोर्ड उघडून त्यावर सोल्डरिंग गन कशाला चालवायची?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं ६५अ कलम डिजिटल कुलूप (कॉपी रोखणारी सोय) तोडणाऱ्याचा हेतू बघतं, हक्कभंगासाठी तोडलं का ते. स्वतःच्या डिस्कची प्रत जपणं मला पूर्ण रास्त वाटतं. निन्टेन्डोनं मार्च २०२३ मध्ये आपल्या थ्रीडीएस या गेम-यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद केलं. कंपन्याच विकणं थांबवतात तेव्हा गेम जपणार कोण?

पण होमस्टेतल्या पाहुण्यांसाठी शंभर गेम भरलेला पेनड्राइव्ह विकत घ्यायचा म्हणतोस, ते मला अजिबात पटत नाही. ते गेम तुझे नाहीत, आणि त्यांच्या जोरावर तू खोलीचे पैसे घेणार. तिथे अस्सल डिस्कच ठेव. एखादी विकलीस तर तिची प्रतही पुसून टाक. भाच्यालाही कॉपी देऊ नकोस, कितीही मागे लागला तरी.

यंत्राच्या पाठीवरचा एससीपीएचने सुरू होणारा मॉडेल नंबर कळव, म्हणजे कोणतं कार्ड लागेल ते सांगतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
मकरंद