ईसीजीच्या पट्टीमागचे दोन गोल

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

2019 च्या डिसेंबरात मिरजेला आईची अँजिओग्राफी झाली आणि तुम्ही आम्हाला आत बोलावून घेतलंत. तुमचे आभार तेव्हाच मानायचे होते. डिस्चार्जच्या गडबडीत राहून गेलं, ते राहूनच गेलं.

आई मधुमेही, त्यात बांधा बारीक. अडथळा होता तो जेमतेम सव्वादोन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीत. वाहिनी उघडी ठेवणाऱ्या तारेच्या जाळीबद्दल, म्हणजे स्टेंटबद्दल, आधी दाखवलं तिथे एवढंच ऐकलं होतं, "भारीतला, परदेशी स्टेंट टाकू, सही करा." आप्पांचा हात सहीला धजत नव्हता आणि नको म्हणायचाही धीर होत नव्हता. तुम्ही त्यांना पहिलाच प्रश्न विचारलात, "शेतात काय असतं?" तासगावची द्राक्षबाग म्हटल्यावर ईसीजीची पट्टी उलटी करून बॉलपेनने दोन गोल काढलेत. एक मेन लाइन, एक ठिबकची लॅटरल. "दोन्हींत सारखेच क्षार धरले, तर पाणी आधी कुठलं तुंबेल?" आप्पांनी लगेच लॅटरलवर बोट ठेवलं.

मग हिशेब मांडलात. स्टेंटच्या आत पेशी वाढून व्यासातला अर्धा मिलिमीटर गेला, तर साडेतीन मिलिमीटरच्या वाहिनीची साधारण पाव वाट बुजते, आईच्या वाहिनीची मात्र चाळीस टक्के. म्हणून बारीक वाहिनीत स्टेंटची तार किती जाड, हे पाहायचं. नेदरलँड्समधल्या बायो-रिसॉर्ट अभ्यासात अडीच मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्यांचे 1,506 रुग्ण होते. तीन वर्षांत त्याच जागी पुन्हा उपचार करावे लागले ते 60 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तारेच्या ऑर्सिरो स्टेंटमध्ये 2.1 टक्के रुग्णांना, 91 मायक्रॉनच्या रिझोल्यूट इंटिग्रिटी स्टेंटमध्ये 5.3 टक्के. आणि पाठोपाठ म्हणालात, "मृत्यू किंवा हार्ट अटॅकमध्ये मात्र असा फरक दिसलेला नाही." हे वाक्य तुम्ही गाळलं असतं तरी आम्हाला कधी कळलं नसतं. माझा विश्वास बसला तो तिथे.

स्टेंटशिवायचा मार्गही तुम्ही लपवला नाहीत. 2018 च्या बास्केट-स्मॉल 2 या अभ्यासात 758 रुग्णांत वाहिनीत फुगवून काढून घ्यायचा, औषध लावलेला फुगा वर्षभराने स्टेंटपेक्षा उणा ठरला नव्हता. "आधी साध्या फुग्याने फुगवून बघू, भिंत धड राहिली तर तेच करू." अर्ध्या तासाने लेड एप्रनवरच बाहेर आलात. "चीर पडली आहे, स्टेंट टाकतोय. बारीक तारेचाच." आप्पांनी नुसती मान हलवली. त्यांना सगळं समजलं होतं.

2017 च्या फेब्रुवारीतच सरकारने औषध लावलेल्या स्टेंटच्या किमतीला 29,600 रुपयांची मर्यादा घातली होती, हेही तुमच्याकडूनच कळलं. तोवर 'भारीतला' या शब्दाने आमची झोप उडवली होती.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर एकही दिवस चुकवायच्या नाहीत, असं तुम्ही त्याच पट्टीवर लिहून दिलंत. आईने एकही चुकवली नाही. ती पट्टी अजून तिच्या फाइलमध्ये आहे. पुढचा आलेख पार उडालाय, मागचे गोल तसेच आहेत.

परवा आई द्राक्षघडांच्या विरळणीला बायकांबरोबर दुपारपर्यंत उभी होती. माणिक चमन द्राक्षं उतरली की आप्पा पेटी घेऊन येतील. तेवढी नाही म्हणू नका.

तुमच्या पेशंटची मुलगी