त्या दोन मार्कांचं पत्र

परभणी, रविवार रात्र

प्रिय दत्ता,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. राग धरू नको. इकडं सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच.

शुक्रवारी घटक चाचणीचे पेपर वाटले. क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती? उत्तरसूचीत १८. आठवीतल्या एका पोरीनं '१८ किंवा २०' लिहिलं होतं, मी घाईत काट मारली होती. तिनं ती पाहिली, पेपराची घडी घातली न् दप्तरात ठेवून दिली. काही बोलली नाही. तिथंच मला अंबाजोगाईचं आपलं कॉलेज आठवलं, न् असेच कापलेले तुझे दोन मार्क.

तू निदान उभा तरी राहिला होतास. "सर, अर्धा न्यूट्रॉन असतो का? मग क्लोरीनचं अणुवजन साडेपस्तीस आलं कुठून?" तुला वर्गाबाहेर काढलं. आदल्या रात्री खोलीवर तूच मला सगळं समजावलं होतंस, तरी मी वहीत मान घालून बसलो. मग महिनाभर अबोला. मेसमध्ये मीठसुद्धा वाढणाऱ्या मामांमार्फत मागायचो, न् तू ओरडायचास, "मामा, त्याला सोडियम क्लोराईड द्या, साडेपस्तीसवालं!"

काल पोरीला बोलावून विचारलं, असं का लिहिलंस? घाबरत म्हणाली, "सर, सतरा प्रोटॉन हायत तवर ते क्लोरीनच. न्यूट्रॉन वाढले तर वजन वाढंल, नाव कसं बदलंल?" मग पाठकोऱ्या कागदावर मांडलं : चारातले तीन अणू ३५ वजनाचे (१७ + १८), एक ३७ चा (१७ + २०). बेरीज १४२, भागिले चार, साडेपस्तीस. दत्ता, तुझाच हिशोब! बारकाईनं पाहिलं तर हलके सुमारे ७६ टक्के न् जड २४, म्हणून तक्त्यात ३५.४५ येतं, पण तेरा वर्षांच्या पोरीनं आपलं आपण इथवर यावं!

मग मी तिला तुझा तो ब्रिटिश शास्त्रज्ञ मोसली सांगितला. मूलद्रव्यांची वजनानं ओळ लावली तर आर्गॉन ३९.९५ न् पोटॅशियम ३९.१०, म्हणजे पाण्यात टाकताच पेट घेणाऱ्या सोडियमच्या घरात कशातच न मिसळणारा आर्गॉन जाऊन बसतो. १९१३ साली मोसलीनं क्ष-किरणांवरून दाखवलं की जागा ठरते केंद्रकातल्या धनप्रभारावर, म्हणजे प्रोटॉन किती त्यावर : आर्गॉन १८, पोटॅशियम १९. त्याच वर्षी सॉडीनं समस्थानिकांना नाव दिलं. जागा एक न् वजनं वेगळी, पण का, ते कळायला चॅडविकचा न्यूट्रॉन यावा लागला, १९३२ साली. मोसली तोवर कुठला? १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत गेला, २७ व्या वर्षी. इथं आलं की तुझा आवाज बसायचा. काल माझा बसला.

मार्क पूर्ण दिले. पण काट सगळ्या बाकानं पाहिली होती, न् चूक माझी होती हे वर्गासमोर सांगायचं राहिलंय. ते उद्या पहिल्याच तासाला. ती पुन्हा हात वर करील ना, एवढाच घोर लागलाय.

दुकान कसं चाललंय? धाकटीची बारावी झाली का? वहिनींना नमस्कार.

आणि एक. त्या प्रकारानंतरच्या जूनमध्ये तू सायन्स सोडून कॉमर्सला गेलास. घरची अडचण म्हणालास, मी मान डोलावली. ते त्या दोन मार्कांमुळं होतं का रे? इतक्या वर्षांत विचारलं नाही. खरं काय ते लिही.

तुझा,
बाळू