अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगितलेत, माझ्या ६१२ टिपा गेल्या

प्रति,
प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अपडेटनंतर सरकलेल्या खुणा आणि आपल्या मदत केंद्राच्या सल्ल्यामुळे पुसल्या गेलेल्या टिपांबाबत तक्रार

महोदय / महोदया,

आपल्या ई-पुस्तक वाचनाच्या अ‍ॅपची मी चौदा महिन्यांपासून वर्गणीदार आहे. दुसऱ्या वर्षाची वर्गणी दोनच महिन्यांपूर्वी भरली. गेल्या महिन्यात आपल्या मदत केंद्राने सांगितले म्हणून मी अ‍ॅप फोनवरून काढून पुन्हा टाकले आणि त्यात माझ्या ६१२ टिपा गेल्या. तक्रार मुख्यतः एवढीच आहे. पण मदत केंद्राकडून आलेल्या पाचही उत्तरांत माझे म्हणणे कोणी शेवटपर्यंत वाचल्याचे दिसले नाही, म्हणून आता सगळे पहिल्यापासून लिहिते. पत्र लांबणार आहे.

मी हे अ‍ॅप घाईने निवडलेले नाही. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय, त्यामुळे अक्षरांच्या बाबतीत मी जरा खट्याळ गिऱ्हाईक आहे. फोनवर वाचायचे ठरवले तेव्हा तीन आठवडे पाच अ‍ॅप शेजारीशेजारी ठेवून पाहिली. पीडीएफ बरी दाखवतात म्हणून नावाजलेली दोन पहिल्याच दिवशी बाद केली. पीडीएफचे पान छापील पानासारखे जागच्या जागी गोठलेले असते. फोनच्या पडद्यावर ते वाचायचे म्हणजे प्रत्येक ओळ बोटाने डावी-उजवीकडे ओढत बसायचे. त्यातून मराठीतल्या जुन्या पीडीएफ बहुतेक युनिकोडपूर्व फाँटमध्ये बसवलेल्या. डोळ्यांना मराठी दिसते, पण शब्द शोधायला जावे तर सापडत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांचा कचरा पडतो. मला ईपब, म्हणजे ई-पुस्तकांचा नेहमीचा फाइल-प्रकार, नीट वाचणारे अ‍ॅप हवे होते, म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतील असे.

उरलेल्या तिघांची मी माझ्या पद्धतीने परीक्षा घेतली. एक छोटी फाइल स्वतः तयार केली आणि तिच्यात मुद्दाम त्रासदायक शब्द भरले : राष्ट्र, वाङ्मय, तऱ्हेवाईक, ऱ्हास, बॅट, ऑर्डर, निर्भर्त्सना. एका अ‍ॅपने ओळीच्या शेवटी जोडाक्षरच तोडले. दुसऱ्याने ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवले. ही चूक नव्हे, पण दिवसभर मराठी वळण तपासणाऱ्या माणसाला ते रात्री अंथरुणातही टोचते. आपले अ‍ॅप दोन्हीतून पार पडले.

मग शोधाची परीक्षा. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, दोन, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. पण पुस्तक एका पद्धतीचे आणि कळफलक दुसऱ्या पद्धतीचा असला, की समोर दिसणारा शब्दही शोधात सापडत नाही. आपल्या अ‍ॅपने दोन्ही शोधून दिले. हे ज्या कोणी लिहिले त्याला मराठी लिहिता-वाचता येत असणार, असे वाटून मी त्याच संध्याकाळी वर्गणी भरली. तो माणूस अजून आपल्याकडे असेल तर हे पत्र त्याच्यापर्यंत पोचवावे, ही विनंती.

एक परीक्षा मात्र मी घेतलीच नाही : खुणा आणि टिपा अ‍ॅपमधून बाहेर काढता येतात का? अ‍ॅपच्या माहितीत “तुमच्या टिपा सर्व उपकरणांवर सुरक्षित” असे लिहिले होते, सेटिंगमध्ये ‘सिंक चालू’ या शब्दांपुढे हिरवी खूण होती. ते वाचून मी गप्प बसले.

या टिपा कसल्या, तेही सांगते, कारण आपल्या चौथ्या उत्तरात त्यांना “वैयक्तिक हायलाइट्स” म्हणून वाटेला लावले आहे. प्रताधिकारमुक्त झालेले जुने मराठी गद्य वाचताना, आता बोलण्यातून हद्दपार होत चाललेले शब्द मी टिपते. पिवळी खूण म्हणजे शब्द, निळी म्हणजे आजच्यापेक्षा वेगळे लेखन, गुलाबी म्हणजे मूळ छपाईतली चूक असावी असा संशय. प्रत्येक खुणेखाली दोन-तीन ओळी : हाच शब्द आणखी कुठे भेटला, कोणत्या अर्थाने. पुस्तके माझ्या फोनवर आहेत, ती पुन्हा उघडता येतील. त्या ओळी पुन्हा लिहायच्या तर सगळी पुस्तके पहिल्या पानापासून वाचावी लागतील. चौदा महिन्यांत सुचलेले सगळे तेव्हा पुन्हा सुचेल, अशी खात्री मला नाही.

आता अपडेटबद्दल. “अधिक जलद आणि सुंदर वाचनानुभव” घेऊन ते आपल्याकडून आले आणि दुसऱ्या दिवशी माझी पिवळी खूण ‘भिडस्त’ या शब्दावरून उठून शेजारच्या वाक्यातल्या स्वल्पविरामावर जाऊन बसलेली दिसली. पुढची ‘खाली’ आणि ‘पाहून’ या दोन शब्दांवर अर्धीअर्धी पसरली होती. आधी हसू आले. मग मी चार पुस्तके तपासली. प्रकरणाच्या सुरुवातीच्या खुणा जागेवर होत्या. पुढे जावे तसतसा फरक वाढत गेला. एका लांब प्रकरणाच्या शेवटी खूण अकरा ओळी चुकीची होती. जिथे जोडाक्षरांची दाटी, तिथे सरकणे जास्त. म्हणजे खुणेची जागा आपण प्रकरणातली अक्षरे मोजून लक्षात ठेवत होता आणि नव्या आवृत्तीने जोडाक्षरे वेगळ्या हिशेबाने मोजायला सुरुवात केली, असे माझे अनुमान आहे. चुकत असेन तर सांगा. पण ईपबच्या मानकातच पुस्तकातली नेमकी जागा सांगण्याची पद्धत २०११पासून आहे, सीएफआय म्हणतात तिला, आणि ती मजकुराच्या रचनेतून वाट दाखवत नेमक्या ठिकाणी पोचते. टिपा एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात नेता याव्यात म्हणून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ साली वेब अ‍ॅनोटेशनचे मानकही प्रसिद्ध केले. बाहेर नेण्याची सोय ही माझी जगावेगळी मागणी नाही.

हे सगळे मी पडद्याच्या चित्रांसह मदत केंद्राला कळवले. पहिले उत्तर : कॅशे साफ करा. केली, फरक पडला नाही. दुसरे उत्तर : “कृपया अ‍ॅप अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करा. आपला डेटा आपल्या खात्यात सुरक्षित असतो.” हे वाक्य मी तीनदा वाचले. तरीही शंका आली म्हणून उलट विचारले, की माझी पुस्तके आपल्या दुकानातून घेतलेली नाहीत, मी स्वतः फोनवर आणलेल्या फाइल आहेत, त्यांच्या टिपाही खात्यात असतात ना? त्यावर तेच वाक्य पुन्हा आले, या वेळी शेवटी हसऱ्या चेहऱ्याची खूण लावून. मी अ‍ॅप काढले.

अँड्रॉइडवर अ‍ॅप काढले की त्याच्या खासगी जागेतला मजकूरही त्याच्याबरोबर जातो. हे मला माहीत नव्हते. अ‍ॅप बनवणाऱ्यांना माहीत असायलाच हवे. पुन्हा टाकले, लॉग-इन केले, पुस्तके उघडली. पाने कोरी करकरीत. कोणते पुस्तक कुठपर्यंत वाचले तेवढे मात्र आपल्या सिंकने चोख लक्षात ठेवले होते.

चौथ्या उत्तरात खरे काय ते पहिल्यांदा कळले : बाहेरून आणलेल्या पुस्तकांची फक्त वाचनाची जागा सिंक होते, टिपा फोनमध्येच राहतात, “त्यामुळे त्या परत मिळवणे शक्य नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” पाचव्या उत्तरात मिळालेल्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असे विचारले होते.

सरकलेल्या खुणांचा दोष मी समजून घेतला असता. छापखान्यात फर्मा उलटा लागतो, दोन पाने चिकटतात. आमच्या धंद्यातही चुका होतात आणि मग शुद्धिपत्र निघते. सरकलेली खूण हाताने जागेवर नेता आली असती, खालची टीप तर शाबूत होतीच. जे बिघडले होते ते दुरुस्त होण्यासारखे होते आणि ते नाहीसे करण्याचा सल्ला आपण दिलात, तोही मी नेमका प्रश्न विचारल्यानंतर. तयार उत्तरांच्या यादीतून वाक्य उचलण्याआधी कोणी माझा प्रश्न वाचला असता, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

२०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. एप्रिलमध्ये घोषणा झाली, जुलैपासून पुस्तके उघडेनाशी झाली. लोकांना पुस्तकांचे पैसे परत मिळाले, पण ज्यांनी पुस्तकांत खुणा-टिपा केल्या होत्या त्यांना त्याखेरीज २५ डॉलर जमा करून दिले गेले. टिपांचे मोल २५ डॉलर होते की नाही यावर वाद घालता येईल. पण पुस्तक वेगळे आणि वाचणाऱ्याने त्यात घातलेले श्रम वेगळे, एवढे तरी त्यांनी मान्य केले. आपल्याकडून मला तेवढेही ऐकायला मिळालेले नाही.

आता माझ्या मागण्या. आपल्या सर्व्हरवर या टिपांची एखादी प्रत, अर्धवट का होईना, राहिली आहे का ते तांत्रिक विभागातल्या माणसाकडून तपासून घ्यावे आणि लेखी कळवावे. सरकलेल्या जागांसह मिळाल्या तरी चालतील, जुळवून घेणे माझे काम. नसतील, तर उरलेल्या दहा महिन्यांची वर्गणी परत करावी. पुढच्या वर्षीची सवलत मला नको. टिपा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय अ‍ॅपमध्ये द्यावी आणि ती होईपर्यंत “सर्व उपकरणांवर सुरक्षित” हे शब्द काढावेत किंवा त्यांच्यापुढे ‘फक्त आमच्याकडून घेतलेल्या पुस्तकांसाठी’ असे तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावे. आणि ते अनइन्स्टॉलचे वाक्य मदत केंद्राच्या यादीतून आजच काढावे. माझ्यासारखे आणखी कोणी या क्षणी ते वाचत असेल.

सध्या मी कोरीडर हे मुक्तस्रोत अ‍ॅप वापरते. दिसायला ओबडधोबड आहे, त्याचा मेन्यू समजायला मला आठवडा लागला आणि आपल्या अ‍ॅपइतके देखणे पान त्यात दिसत नाही. पण पुस्तकाच्या फाइलशेजारीच ते एक फोल्डर करते आणि टिपा त्यात ठेवते. रविवारी मी तो फोल्डर उचलून संगणकावर ठेवते. आजपर्यंत एकोणीस टिपा झाल्या आहेत.

उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. ते न आल्यास ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याचा माझा विचार आहे. मदत केंद्राची पाचही उत्तरे तारखांसह जपून ठेवली आहेत.

आपली,
एक वर्गणीदार

सोबत : मदत केंद्राशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत, वर्गणी भरल्याची पावती, अपडेटनंतरच्या पडद्याची सहा चित्रे (स्वल्पविरामावर बसलेली पिवळी खूण तिसऱ्या चित्रात आहे).