बाबांच्या आवाजाविषयी

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, "आवाजच जाणार असेल तर ऑपरेशन कशाला?" असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आज परळला, टाटात डॉक्टरांशी सविस्तर बोलून आले, म्हणून लिहिते.

रेडिएशनचे शेक घेतले त्याच जागी कॅन्सरची गाठ पुन्हा आली आहे. तिथे परत तेवढे शेक देता येत नाहीत, म्हणून स्वरयंत्र पूर्ण काढायचं म्हणतात. श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या खालच्या बाजूला कातडीशी जोडतात. पुढे श्वास तिथूनच, कायमचा. शेकांमुळे आतलं मांस कमजोर झालेलं असतं, टाके लवकर भरत नाहीत, लाळ झिरपते. म्हणून छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वर वळवून घशाला लावतात. आई, छातीवरही टाके दिसतील, घाबरू नकोस. घसा भरेपर्यंत जेवण नाकातल्या नळीने, आणि बोलायला पाटी.

आता आवाजाचं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनची छोटी झडप बसवता येते. गळ्यावरचं छिद्र दाबलं की छातीतली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि जीभ-ओठ नेहमीसारखे शब्द घडवतात. ओपीडीत साताऱ्याकडचे एक काका भेटले. त्यांनी गळ्यावरच्या रुमालाखाली अंगठा टेकवला आणि म्हणाले, "पोरीचं लग्न काढलंय." आवाज खरखरीत होता, पण शब्दन् शब्द कळला. बाबा, भजनातला तुमचा वरचा सूर परत येणार नाही, हे लपवत नाही. पण नातीला हाक मारता येईल. मला तेवढं पुष्कळ आहे.

वास फारसा येणार नाही. विहिरीत पोहणं बंद, आंघोळीला छिद्र झाकायचं. झडप गळायला लागली की बदलायची, त्यासाठी मुंबईच्या खेपा होतील. त्या माझ्यावर सोडा. आई, एक मात्र पक्कं ध्यानात ठेव, शेजारीही सांगून ठेव: कधी ऑक्सिजन द्यायची वेळ आली तर तो तोंडावर नाही, गळ्यावरच्या छिद्रावर द्यायचा.

निर्णय तुमचाच, बाबा. पण गाठ थांबून राहत नाही, म्हणून निदान डॉक्टरांसमोर बसून तुमचे सगळे प्रश्न विचारा. कोकणकन्येची तिकिटं काढते, दादरला घ्यायला येईन. बायोप्सीच्या काचा, ब्लॉक (तपासायला काढलेला तुकडा मेणात ठेवतात तो) आणि शेकाचे कागद बरोबर आणा. कागद मूळचे, नुसत्या झेरॉक्स नकोत.

तुमची,
धाकटी