शोधनिबंधाला आधी प्रश्न हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शैक्षणिक वर्षाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांचे शोधनिबंध मार्गदर्शकांच्या टेबलावर येऊ लागतात. असे निबंध वाचण्याचे आणि त्यांवर विद्यार्थ्यांशी बोलण्याचे काम मी दीर्घकाळ केले आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे, विशेषतः शिक्षक आणि पालकांपुढे, मांडावीशी वाटते. निबंध कमकुवत निघाला की आपण भाषेला, अपुऱ्या संदर्भांना किंवा विद्यार्थ्याच्या आळसाला दोष देतो. माझे निरीक्षण असे आहे की बहुतेक निबंध लेखनाला सुरुवात होण्याच्या कितीतरी आधी, विषय ठरतो त्या दिवशीच फसलेले असतात. त्या दिवशी विद्यार्थ्याला विषय मिळतो, पण त्याला नेमके काय शोधायचे आहे हे त्याला कोणी विचारलेले नसते.

‘समाजमाध्यमे आणि तरुण पिढी : एक अभ्यास’, ‘हवामानबदलाचे परिणाम’, ‘स्त्रीशिक्षणाचे महत्त्व’ ही शीर्षके दरवर्षी थोड्याफार फरकाने पुन्हा भेटतात. विषय म्हणून त्यांत गैर काहीच नाही आणि त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. अडचण अशी की या शीर्षकांशी असहमत होण्याची सोयच नाही. ज्या विधानाशी कोणी असहमत होऊ शकत नाही ते सिद्ध करण्याची गरज उरत नाही, आणि सिद्ध करण्याची गरज नसली की पुराव्याला काही काम उरत नाही. मग विद्यार्थी त्याला ठाऊक असलेला एकमेव मार्ग धरतो : व्याख्या, इतिहास, प्रकार, फायदे, तोटे, उपाय आणि निष्कर्ष. प्रत्येक शीर्षकाखाली इतरांची दोन-चार वाक्ये थोडी बदलून येतात. याला आपण उचलेगिरी म्हणतो आणि ती उचलेगिरी असतेही. पण उत्तर शोधण्यासारखे काही हातात दिलेच नसेल, तर विद्यार्थी सापडेल ते गोळा करण्यापलीकडे काय करणार?

समाजमाध्यमांचाच विषय घेऊ. त्यात रस असलेल्या विद्यार्थिनीला मार्गदर्शकाने विचारावे, कोणत्या वयाचे तरुण? कोणता परिणाम? झोप, अभ्यास, मैत्री की मतदान? ती म्हणते, झोप. मग पुढचा प्रश्न : झोपण्यापूर्वी फोन पाहणारी मुले कमी झोपतात, की ज्यांना मुळात झोप लागत नाही ती मुले फोन हातात घेतात? इथे पहिल्यांदा ती थबकते, आणि माझ्या मते संशोधनाची सुरुवात त्या थबकण्यात आहे. आता तिच्यापुढे दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे आहेत. दोन्ही समंजस माणसाला पटू शकतात आणि त्यांतले कोणते अधिक टिकते हे पाहण्यासाठी कशा प्रकारची माहिती लागेल, याचा विचार तिला करावाच लागतो. एकाच दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून आधी काय घडले आणि नंतर काय हे कळणार नाही, हेही तिचे तिलाच दिसते. कदाचित अखेरीस ती म्हणेल की उपलब्ध माहितीवरून हा निर्णय होत नाही. कारणे देऊन असे म्हणणारा निबंध मी ‘परिणाम घातक आहेत’ असे ठणकावणाऱ्या निबंधापेक्षा कितीतरी वरचा मानते.

भाषा आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही हे लागू आहे. ‘अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण’ या विषयावर पात्रांची यादी आणि कथासार यांपलीकडे निबंध जात नाही. पण नायिकेच्या नजरेतून सांगितलेली कथा तिच्या निर्णयाच्या प्रसंगीच तिच्या मनाबाहेर का जाते, असे विचारले की विद्यार्थ्याला पुस्तकाची पाने उलटावी लागतात, वाक्ये तपासावी लागतात आणि आपले म्हणणे खोडणारा एखादा परिच्छेद तर नाही ना, हेही पाहावे लागते.

प्रश्न अरुंद केला तर काम किरकोळ होईल, अशी भीती विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांनाही वाटते. ती दूर करण्यासाठी मला जॉन स्नो या डॉक्टरचे उदाहरण द्यावेसे वाटते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याची साथ उसळली आणि काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे हा रोग होतो, असे त्या काळी बहुसंख्य जाणकार मानत. स्नो यांचे मत वेगळे होते. रोग पाण्यातून पसरतो, असे त्यांनी १८४९ मध्येच प्रसिद्ध केले होते. साथ आली तेव्हा ‘कॉलरा : कारणे व उपाय’ असा पसरट विषय त्यांनी घेतला नाही. दगावलेल्या माणसांनी पाणी कुठले प्यायले होते, एवढेच ते घरोघर विचारत गेले. बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाच्या जवळपास झाले आहेत, हे लवकरच दिसून आले.

पण तेवढ्याने त्यांचा युक्तिवाद पुरा झाला नव्हता. हवा दूषित असती तरी मृत्यू एका ठिकाणी एकवटले असतेच, असे प्रतिपक्ष म्हणू शकत होता. म्हणून स्नो यांनी नेमकी तीच माणसे शोधली, ज्यांच्या बाबतीत दोन्ही स्पष्टीकरणे वेगवेगळे भाकीत करतात. पंपाजवळच्या एका आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती. भोवतालच्या घरांत मृत्यूचे थैमान चालू असताना तिथे कॉलऱ्याने पाचच माणसे गेली; त्या संस्थेच्या आवारात स्वतःची विहीर होती. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील सत्तराहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही, आणि ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा कॉलऱ्याने गेली. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडत असल्याने तिच्यासाठी ते मुद्दाम नेले जात असे. जवळ राहून वाचलेली माणसे आणि दूर राहून गेलेली वृद्धा यांचा उलगडा हवेच्या सिद्धांताला करता येत नव्हता. मला या कामात सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते हे की स्नो यांनी आपल्या बाजूची उदाहरणे वाढवत नेण्यापेक्षा निर्णायक ठरतील अशी उदाहरणे शोधली. शोधनिबंधासाठी युक्तिवाद निवडणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

युक्तिवादाच्या रचनेसाठी आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. न्याय या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत : प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण (सर्वसाधारण नियम आणि त्याचा दाखला), उपनय (तो नियम समोरच्या प्रकरणाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या पर्वतावरही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांत प्रतिज्ञा असते, हेतूही बहुधा असतो. मधली दोन अंगे मात्र गळून पडतात. धूर आणि अग्नी यांचा संबंध सर्वत्र असतो हे कशावरून, आणि आपल्यासमोरचे प्रकरण त्या नियमात बसते हे कशावरून, या दोन प्रश्नांना उत्तर न देताच लेखक हेतूवरून थेट निगमनावर उडी घेतो. ‘गुण कमी झाले, म्हणजे फोनचा वापर घातक आहे’ हे वाक्य या कसोटीवर तपासून पाहावे. गळलेले दुवे लगेच उघडे पडतात. याच परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून मांडून मग त्याला उत्तर देण्याची शिस्त आहे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर उत्तरही दुबळेच राहते. निबंधाच्या शेवटी ‘काही लोकांचे मत वेगळे आहे’ एवढे एक वाक्य टाकल्याने ही अट पुरी होत नाही.

प्रतिकूल पुरावा सांभाळण्याविषयी चार्ल्स डार्विन यांची एक सवय मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी वस्तुस्थिती किंवा विचार आढळला की ते तो तत्काळ टिपून ठेवत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता. विद्यार्थ्याच्या वहीत त्यासाठी एक वेगळे पान असावे आणि मार्गदर्शकाने दर भेटीत आधी ते पान पाहावे. पान कोरे राहिले असेल, तर वाचन एकाच बाजूचे झाले आहे असे समजायला हरकत नाही.

पुराव्याच्या आवाक्याचा विचारही प्रश्न ठरवतानाच व्हायला हवा, आणि इथे प्रश्नावलीविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. मित्रमैत्रिणींच्या गटात दुवा पाठवायचा, उत्तरे आली की वर्तुळाकृती आलेख काढायचे आणि ‘७० टक्के तरुणांना असे वाटते’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही आता पद्धतच होऊन बसली आहे. उत्तरे कोणाची आली आणि कोणाची आली नाहीत, हे कोणी विचारत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मतपत्रिका ज्या याद्यांवरून पाठवल्या त्यांत दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांचा भरणा होता, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक इतरांसारखे नव्हते. लाखोंच्या संख्येने जे साधले नाही ते वर्गातल्या चाळीस उत्तरांनी साधणार नाही. मात्र ‘आमच्या वर्गातील विद्यार्थी’ एवढाच दावा केला, तर तीच चाळीस उत्तरे उपयोगी पडू शकतात. दावा पुराव्याच्या मापाचा असावा, एवढेच म्हणणे आहे.

हाताशी असलेल्या साध्या साहित्यातूनही मोठे प्रश्न सुटतात, याचे दामोदर धर्मानंद कोसंबी हे ठळक उदाहरण आहे. मूळचे गणितज्ञ असलेल्या कोसंबींनी प्राचीन आहत (चिन्हांचे ठसे ठोकलेली) नाणी हजारोंच्या संख्येने काटेकोरपणे तोलली. चलनात फिरताना नाण्याची झीज होते, म्हणून वजनातल्या घटीवरून ते किती काळ वापरात होते याचा अंदाज बांधता येईल, असा त्यांचा तर्क होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून साधा आणि याहून धारदार प्रश्न क्वचितच सापडेल.

आता यंत्राकडून निबंध लिहून घेण्याची सोय झाल्याने शिक्षक काळजीत आहेत. बंदी आणि तपासणीची साधने यांवर बरीच चर्चा होते, प्रश्नावर मात्र फारशी होत नाही. ‘हवामानबदलाचे परिणाम’ यावर यंत्र काही क्षणांत सुबक निबंध देते, कारण तसे हजारो निबंध आधीच लिहिलेले आहेत. विद्यार्थ्याने स्वतः मोजलेल्या, स्वतः वाचलेल्या किंवा प्रत्यक्ष विचारून मिळवलेल्या माहितीवर उभा असलेला प्रश्न त्याला स्वतःलाच सोडवावा लागतो. निदान तोंडी परीक्षेत तरी त्याने तो सोडवला की नाही हे लपत नाही.

म्हणून शिक्षणसंस्थांना माझी विनंती आहे की शीर्षकांच्या तयार याद्या वाटणे थांबवावे. निबंधाला सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्यावे. माझा प्रश्न कोणता, त्याची कोणती दोन उत्तरे शक्य आहेत, त्यांत निवाडा करायला कोणता पुरावा लागेल आणि तो मला दिलेल्या मुदतीत मिळेल का, एवढेच त्या पानावर असावे. या पानाला स्वतंत्र गुण असावेत आणि ते दोनदा-तीनदा परत करण्यात कोणालाही संकोच वाटू नये. मार्गदर्शकांवर विद्यार्थ्यांचा भार मोठा असतो याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही एक पान सुरुवातीला नीट वाचणे हे साठ पाने अखेरीस निराशेने वाचण्यापेक्षा कमी वेळाचे काम आहे. वाचनानंतर प्रश्न बदलावासा वाटला, तर तशी मुभा नियमातच असावी. पुरावा पाहून मत बदललेल्या विद्यार्थ्याला आज नव्याने अर्ज, नव्या सह्या आणि विलंबाचा दंड सोसावा लागतो, हे मला अतिशय खटकते.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती करते. शैक्षणिक पुरवणीत विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या बातम्या येतात तेव्हा शीर्षक, मार्गदर्शकांचे नाव आणि पारितोषिक यांचा उल्लेख असतो. त्यासोबत विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे दोन वाक्यांत छापता आले तर फार बरे होईल. ज्यांना ती दोन वाक्ये देता येणार नाहीत त्या संस्थांना पुढच्या वर्षी त्यांची तयारी ठेवावी लागेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका