आजी, इथला पक्षीपण पावसाळ्याआधीच्या आगोटीसारखी बेगमी करतो

आजी, नमस्कार करतो. छोटी तुला हे वाचून दाखवेल, तिला म्हणावं घाई करू नको.

शनिवारी आम्ही चौघं अल्गोंक्विन पार्कला गेलेलो, टोरांटोपासून गाडीने तीनेक तास लागतात. पार्क म्हणजे आपल्या खारघरच्या सेंट्रल पार्कसारखं नाही गं, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर नुसतं जंगल आणि तळी, १८९३ पासून राखून ठेवलेलं, आपला अख्खा ठाणे जिल्हा आत मावेल आणि वर जागा उरेल. मेपलची लाल पानं बहुतेक गळून गेलेली, पण टॅमरॅक म्हणून एक झाड आहे, दिसायला सुरूसारखं, ते आत्ता हळदीसारखं पिवळंधमक झालंय, वारा आला की बारीक सुया अंगावर पडतात.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. तिथे दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट केलीय, त्यावर उभे होतो तर एक राखाडी पक्षी आवाज न करता आला आणि माझ्यापासून हातभर लांब कठड्यावर बसला. ‘कॅनडा जे’ म्हणतात त्याला. कावळ्याच्याच खानदानातला, पण साळुंकीपेक्षा थोडा मोठा, वजन जेमतेम ७० ग्रॅम, तोंड पांढरं, डोक्यामागे काळं. खायला घालायला इथे मनाई आहे म्हणून आम्ही नुसते बघत राहिलो. त्याच्या चोचीत अळंबीचा तुकडा होता. तो त्याने तोंडात घोळवला, लाळेने चिकट केला आणि झाडाच्या सालीमागे दाबून बसवला, मग आपल्या मसाल्यात दगडफूल असतं ना तसलंच झाडावर वाढलेलं काहीतरी तोडून आणून वरून झाकलं. एवढं करून परत मान वाकडी करून बघितलं नीट बसलंय का! अगदी तू बरणीला फडकं बांधून झाल्यावर बघतेस तसं.

हा पक्षी थंडीत दुसरीकडे जातच नाही. बाकीचे सगळे निघालेत, आम्ही होतो तेवढ्यात तीन वेळा बदकांच्या रांगा दक्षिणेकडे गेल्या, आणि हा इथेच राहून हजारो ठिकाणी खाणं लपवतो, कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवतो आणि त्याच्यावर अख्खा बर्फाचा सीझन काढतो. अंडीसुद्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये घालतो, सगळीकडे बर्फ असताना, कारण पिलांना भरवायला साठा घरात असतो.

आता वाईट वाटतं ते हे की त्याचा फ्रिज म्हणजे ही थंडीच. हल्ली थंडी उशिरा पडते, मध्येच बर्फ वितळतं, परत गोठतं, आणि लपवलेलं खाणं नासतं असं अभ्यास करणाऱ्यांना वाटतं. या पार्कात १९६० च्या दशकापासून पायात रंगीत कडी घालून एकेक पक्षी ओळखून ठेवलाय, आणि त्या भागात त्यांची संख्या निम्म्याहून जास्त घटलीय. मला एकदम आठवलं, त्या वर्षी मे महिन्यात अवेळी पाऊस आला आणि गच्चीवर वाळत घातलेले सगळे बोंबील भिजले, ओल लागली म्हणून तू टोपलीच्या टोपली फेकलीस आणि दोन दिवस कोणाशी धड बोलली नव्हतीस. तेव्हा मला कळलंच नव्हतं तुला एवढं काय लागलं. आपल्याला निदान बाजार होता, दिवाळे गावच्या मासळी मार्केटला जाऊन परत आणता आलं. याने कुठे जायचं.

पप्पांना सांग, खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले की व्हिडिओ पाठवा, ऐरोली पुलाच्या बाजूने जरा लवकर येतात ते. आणि धोबी पक्षी आला का अंगणात? या दिवसांत येतो तो, बारीक शेपटी हलवत.

माझी सुट्टी मार्चला नक्की झालीय. सुकटीचा एक डबा माझ्यासाठी बाजूला ठेव. मी तुझ्याकडे जेवत असेन तेव्हा इथली मादी बर्फात अंड्यांवर बसलेली असेल, तिचा साठा तोवर टिकू दे.

तुझा,
बाळा